पाठलाग केव्हां सोडावा?

चित्रपटांतील मोटारींचा पाठलाग पाहण्यांत आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस मोठी मौज वाटते, व ती वाटावी यांत नवल नाहीं. पुढें चोर, मागें पोलीस, कर्कश भोंगा वाजत आहे, भाजीच्या हातगाड्या उलथत आहेत, आणि अखेरीस चोराची मोटार खड्ड्यांत व अंमलदाराचा हात चोराच्या मानगुटीवर! त्या पडद्यावरील रस्त्यानें एकहि आजीबाई बाजारांतून घरीं परतत नसते, आणि एकहि मूल सायकलवर नसतें. असलेंच तर तें ऐन वेळीं बाजूस उडी मारून वांचतें. खऱ्या रस्त्यावर अशी सोय कोणी करून ठेविलेली नसते. शिवाय खऱ्या पाठलागांत पुढच्या गाडींतला इसम पुष्कळदां मिसरूड न फुटलेला मुलगा असतो, आणि कधीं कधीं तर तो चोरहि नसतो. अमेरिका, इंग्लंड, न्यूझीलंड इत्यादि देशांत मोटार घरोघर आहे. तेथील पोलिसांपुढें हा प्रश्न कित्येक वर्षें उभा आहे कीं, पळणाऱ्या गाडीचा पाठलाग कोणत्या कारणासाठीं करावा, कोठवर करावा, आणि आंत मुलें आहेत असें दिसल्यास काय करावें. या प्रश्नाचीं जीं उत्तरें त्यांनीं नियमरूपानें दिलीं व पुन्हां पुन्हां बदललीं, तीं वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांत आमच्या पालकवर्गासहि विचार करण्यासारखें कांहीं आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतों. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांतील सॅक्रामेंटो परगण्यांत ता. २२ मे १९९० रोजीं रात्रीं साडेआठाच्या सुमारास दोन पोलीस अंमलदार एका मारामारीचा बंदोबस्त करून आपापल्या गाड्यांकडे परतत होते. इतक्यांत एक मोटारसायकल वेगानें येतांना दिसली. चालविणारा १८ वर्षांचा, मागें बसलेला १६ वर्षांचा. त्या मारामारीशीं दोघांचाहि कांहीं संबंध नव्हता. एका अंमलदारानें आपल्या गाडीवरील दिवे लावले, मुलांस ओरडून थांबण्यास सांगितलें, व त्यांस मध्यें कोंडावें म्हणून आपली गाडी दुसऱ्या गाडीजवळ आणली. चालविणाऱ्यानें मोटारसायकल त्या दोन गाड्यांच्या फटींतून हळूच बाहेर काढली आणि धूम ठोकली. दुसरा अंमलदार तत्काळ मागें लागला. पुढें जें झालें तें अवघ्या ७५ सेकंदांत झालें. वस्तीच्या रस्त्यांतून १.३ मैल, म्हणजे सुमारें दोन किलोमीटर, ही शर्यत चालली. समोरून येणाऱ्या दोन मोटारींना व एका सायकलस्वाराला रस्ता सोडून बाजूस जावें लागलें. वेग ताशी १०० मैलांपर्यंत चढला, आणि पुढचें वाहन व मागची गाडी यांतील अंतर एका वेळीं केवळ १०० फूट राहिलें. शेवटीं डावीकडे एकदम वळतांना मोटारसायकल आडवी झाली. चालविणारा बाजूस झाला. मागें बसलेल्याला बाजूस होतां आलें नाहीं. ब्रेक दाबलेली पोलीसगाडी घसरत येऊन ताशी ४० मैलांच्या वेगानें त्याच्यावर आदळली व तो सुमारें ७० फूट दूर फेंकला गेला. तो जागच्या जागीं मरण पावला. त्याचा अपराध काय, तर तो मागें बसला होता.

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें कागद-पेन्सिल घ्यावी. ताशी १०० मैल म्हणजे दर सेकंदास सुमारें १४७ फूट. तेव्हां १०० फुटांचें अंतर कापण्यास पाऊण सेकंदहि लागत नाहीं. पुढें कांहीं विपरीत घडलें हें डोळ्यांनीं पाहून, तें मनास पटून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध मनुष्यासहि साधारणतः एक सेकंद तरी लागतो. म्हणजे पुढची गाडी पडली असें मागच्याला कळून त्याचा पाय हलण्याच्या आंत तो तिच्यावर पोंचलेला असतो. त्या वेगानें जाणारी ती पोलीसगाडी पूर्ण थांबण्यास ६५० फूट लागले असते, असें न्यायालयाच्या निकालपत्रांतच नमूद आहे. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर चौपट होतें, हें आपण वर्गांत शिकतों. गाडीच्या टपावर निळा दिवा लावला म्हणून निसर्गाचा हा कायदा कोणास माफ होत नाहीं.

मुलाच्या आईबापांनीं लावलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ता. २६ मे १९९८ रोजीं न्यायमूर्ति डेव्हिड सौटर यांनीं न्यायालयाचा निकाल सांगितला. अटक करण्याशीं ज्याचा संबंध नाहीं असा इजा करण्याचाच हेतु अंमलदाराच्या मनांत असल्याखेरीज, घाईच्या प्रसंगीं केलेल्या अशा पाठलागानें घटनेनें दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग झाला असें म्हणतां येणार नाहीं, असा त्याचा मतितार्थ होता. पुढें २००७ सालीं त्याच न्यायालयानें आणखी एक निकाल दिला. जॉर्जिया राज्यांत ताशी ५५ मैलांची मर्यादा असतां ७३ मैलांनीं जाणारा एक १९ वर्षांचा तरुण थांबण्याचा इशारा होतांच पळाला होता. अंमलदारानें त्याच्या गाडीस मागून धक्का देऊन ती रस्त्याबाहेर घातली, व तो तरुण हातापायांनीं कायमचा लुळा झाला. तें कृत्यहि घटनेविरुद्ध नाहीं, असें आठ विरुद्ध एक मतानें ठरलें.

या दोन निकालांवरून पोलिसांस मोकळें रान मिळालें असा अर्थ पुष्कळांनीं काढला. आमच्या मतें तो अर्थ अपुरा आहे. न्यायालयापुढें प्रश्न होता तो घटनेचा भंग झाला कीं नाहीं एवढाच. एखादें कृत्य शिक्षेस पात्र नसणें निराळें आणि तें करण्यासारखें असणें निराळें, हें शाळेंतील लहान मुलासहि कळतें. सॅक्रामेंटोच्या त्या पोलीसखात्याची स्वतःची लेखी आज्ञा होती कीं, पाठलागापूर्वीं अपराध किती गंभीर आहे हें पाहावें, आणि धोका लाभाहून अधिक होतांच पाठलाग सोडावा. दोन पोरें वेगानें जात होतीं, या अपराधाच्या तोलास काय ठेवावयाचें होतें? न्यायालय जेथें थांबतें तेथून खात्याच्या नियमांचें काम सुरू होतें, आणि मुलांचे प्राण वांचतात किंवा जातात ते बहुधा या नियमांवर.

हे नियम देशोदेशीं व शहरोशहरीं निराळे आहेत, तथापि त्यांचा गाभा एकच आहे. पहिला प्रश्न असा कीं, गाडी पळूं लागण्याच्या आधीं त्या मनुष्यावर आरोप कोणता होता? ‘तो पळाला, म्हणून त्यानें कांहीं तरी मोठें केलें असलें पाहिजे’ हा तर्क अनुभवानें लंगडा ठरला आहे. परवाना नाहीं, बापाची गाडी न विचारतां आणली, घरीं कळेल, एवढ्या भीतीनेंहि तरुण मनुष्य पळतो. अमेरिकेंतील पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या पोलीस अधिकाऱ्यांच्या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत तर असें सुचविलें आहे कीं, हिंसेचा गुन्हा घडलेला असेल आणि तो मनुष्य लागलीच दुसरा तसा गुन्हा करील अशी भीति असेल, तरच पाठलाग करावा. नुसत्या चोरीच्या गाडीसाठीं करूं नये. गाडी पुन्हां मिळूं शकते, हा त्यामागील साधा हिशेब.

दुसरी गोष्ट आम्हांस विशेष शहाणपणाची वाटते. पाठलाग चालू ठेवावा कीं सोडावा याचा निर्णय एकट्या पाठलाग करणाऱ्यावर सोंपवीत नाहींत. त्यानें बिनतारी यंत्रावरून आपला वेग, रस्त्यावरील गर्दी, पाऊस-पाणी, पुढच्या गाडींत किती माणसें दिसतात व तीं कोणत्या वयाचीं वाटतात हें सारें नियंत्रण-कक्षांत कळवीत राहावयाचें असतें. तेथें खुर्चींत बसलेला वरिष्ठ ‘सोडा’ म्हणतांच भोंगा बंद करून, वेग कमी करून, बाजूस व्हावयाचें असतें. याचें कारण असें कीं, धांवत्या मनुष्याची दृष्टि अरुंद होते. ज्यानें मैदानावर खोखो खेळतांना समोरच्या गड्यावाचून दुसरें कांहींच न दिसण्याचा अनुभव घेतला आहे, त्यास हें समजावून सांगावयास नको. पाठलाग करणाराहि मनुष्यच. त्याचें रक्त तापलेलें असतें, आपल्याला कोणी हुलकावणी दिली हें त्यास सलत असतें. खुर्चींतल्या मनुष्यास तें सलत नाहीं. त्याला फक्त आवाज ऐकूं येतो, आणि आवाज चढूं लागला कीं तो सावध होतो. मागें किती गाड्या लागाव्यात, धक्का देण्याची परवानगी कोणास, रस्त्यावर खिळ्यांची पट्टी केव्हां टाकावी, याबद्दलहि नियम आहेत. त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं.

आतां वयाचा विचार. अमेरिकेंत मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग या दोघा मानसशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेरा ते सोळा वर्षांचीं मुलें, अठरा ते बावीस वर्षांचे तरुण, आणि चोवीस वर्षांवरील प्रौढ, अशा तीन गटांस संगणकावर मोटार हांकण्याचा एक खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर जितकें पुढें जावें तितके गुण अधिक, पण केव्हां आपटेल याचा नेम नाहीं. एकटे खेळतांना तिन्ही गट जवळजवळ सारखेच जपून खेळले. शेजारीं मित्र बसविल्यावर प्रौढांच्या खेळांत फारसा फरक पडला नाहीं, पण मुलें व तरुण अधिक धोका पत्करूं लागले. सर्वांत लहान गटांत हा फरक सर्वांत मोठा होता. पाठलागांत पुढच्या गाडीमध्यें काय चाललें असेल तें यावरून समजतें. तेथें शेजारीं मित्र आहे, मागें भोंगा आहे, हातांत न पेलणारें यंत्र आहे, आणि ‘थांब’ म्हणणाऱ्याला भेकड म्हटलें जाईल ही धास्ती आहे. पोलीस जितके जवळ येतात तितका पाय दाबला जातो. म्हणून कित्येक खात्यांच्या नियमांत, गाडींत अल्पवयी मुलें आहेत असें दिसणें हें पाठलाग आटोपता घेण्याचें एक कारण म्हणून मोजलें जातें. मुलाच्या अपराधाकडे काणाडोळा करावा असा याचा अर्थ नव्हे. ज्याला तोल राखतां येत नाहीं त्याला आणखी घाबरवूं नये, इतकाच अर्थ आहे.

पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी हकीकत कॅलिफोर्नियांतीलच चिको नगराची आहे. ता. २२ जानेवारी २००२ रोजीं पंधरा वर्षांच्या एका मुलीनें आईची मोटार न विचारतां नेली. तिच्यापाशीं परवाना नव्हता. आईनें पोलिसांस कळविलें. पोलिसांस ती मुलगी कोण व कोठें राहते हें ठाऊक होतें. तरी ती दिसतांच वस्तीच्या रस्त्यांतून पाठलाग सुरू झाला. थांबण्याच्या पाट्या न जुमानतां तिची गाडी एका चौकांत शिरली, आणि बास्केटबॉलच्या सामन्यास निघालेल्या एका कुटुंबाच्या गाडीवर आदळली. त्या गाडींतली मुलगीहि पंधरा वर्षांचीच होती. ती कांहीं दिवसांनीं मरण पावली.

त्या आईनें पोलिसांस कळविलें यांत तिचें चुकलें काय? आमचें उत्तर स्पष्ट आहे: नाहीं. मूल गाडी घेऊन गेलें हें लपवून ठेवणाऱ्या पालकापेक्षां कळविणारा पालक शंभर पटींनीं बरा. पण आईनें मदतीसाठीं केलेली हांक ज्या व्यवस्थेंत दुसऱ्या घरच्या मुलीच्या मृत्यूपर्यंत जाऊन पोंचते, त्या व्यवस्थेंत पुढची आई हांक मारतांना कचरेल. नियम हवा तो येथें. ज्याचें नांव व घर माहीत आहे त्याच्यामागें धांवण्याचें कारण काय? त्याच्या दारांत गाडी उभी करून वाट पाहावी. मृत मुलीच्या आईबापांनीं हाच मुद्दा धरून पुष्कळ वर्षें खटपट केली. त्यांस पाहिजे होता तसा कडक कायदा झाला नाहीं. तथापि २००५ सालीं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें ठरविलें कीं, पाठलागांतील नुकसानीच्या दाव्यापासून ज्या खात्यास संरक्षण हवें असेल त्यानें पाठलागाचे लेखी नियम केले पाहिजेत, तें शिक्षण अंमलदारांस नियमानें दिलें पाहिजे, आणि प्रत्येकानें ते नियम वाचले व समजले असें लिहून दिलें पाहिजे. २००७ पासून हें अमलांत आलें. पुढें २०१८ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं, नियमांत अशी सही सक्तीची केली असली म्हणजे पुरे. एखाद्या अंमलदाराची सही प्रत्यक्षांत राहून गेली एवढ्यावरून खात्याचें संरक्षण जात नाहीं. हा निकाल आम्हांस थोडा ढिलाच वाटतो.

ओघानें आलें म्हणून आमच्याकडील पालकांस एक स्मरण देतों. भारताच्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या कलमाप्रमाणें अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. गाडीची किल्ली खुंटीवर टांगून ठेवणाऱ्या घरांत हें वाचून दाखविण्यास हरकत नाहीं.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नियम फार कडक केले, आणि पोलीस मागें लागतच नाहींत असें सर्वतोमुखीं झालें, तर पळणारे वाढतात, असें कित्येक अंमलदारांचें म्हणणें आहे, व तें टाकून देण्यासारखें नाहीं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यानें २०२१ सालीं कायदा करून पाठलाग थोड्या गंभीर गुन्ह्यांपुरता ठेविला. दोन वर्षांनीं तो थोडा सैल केला. आणि २०२४ सालीं लोकांनीं सह्या करून पाठविलेल्या प्रस्तावावरून, कोणत्याहि गुन्ह्याचा वाजवी संशय असल्यास पाठलागाची मुभा दिली. मात्र न पकडण्याचा धोका पाठलागाच्या धोक्याहून मोठा असला पाहिजे, ही अट राखली.

न्यूझीलंडमध्यें तर हा झोका याहून स्पष्ट दिसतो. ख्राइस्टचर्च नगरांत जानेवारी २०१९ मध्यें पोलीस मागें असलेली एक चोरीची मोटार रस्त्यावर टाकलेल्या खिळ्यांवरून गेली, झाडावर आदळली व पेटली. आंतील तिन्ही मुलें मेलीं. तीं तेरा ते सोळा वर्षांचीं होतीं. डिसेंबर २०२० मध्यें तेथील पोलिसांनीं नियम बदलून पाठलाग फारच थोड्या प्रसंगांपुरता राखला. त्यानंतर थांबण्याचा इशारा धुडकावून पळणाऱ्यांची संख्या वाढली. चोरलेल्या मोटारी दुकानांच्या दारांवर घालून दुकानें फोडण्याची टूम मुलांत पसरली, व लोकांत ओरड झाली. पाठलाग सोडल्यानेंच हें सारें झालें असें कोणी छातीठोकपणें सांगूं नये, कारण त्याच काळांत महामारीनें शाळा व घरें यांची घडी विस्कटली होती. पण २०२३ सालीं नियम पुन्हां थोडे मोकळे झाले. या येरझाऱ्यांस कोणी पोलिसांचा धरसोडपणा म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या तागडींत दोन्हीकडे माणसांचे प्राण आहेत ती एकदां तोलून बाजूला ठेवतां येत नाहीं.

इंग्लंड व वेल्स येथील नियमांत एक निराळीच बारीक गोष्ट सांपडते. पाठलाग म्हणावें तरी कशाला? तेथील व्याख्येप्रमाणें, पुढचा चालक आपल्या कृतीनें थांबावयाचें नाहीं असें दाखवितो, आपणांस थांबण्याचा इशारा झाला आहे हें त्यास कळलें आहे असें पोलिसांस वाटतें, आणि तरीहि थांबविण्यासाठीं अथवा तो कोठें जातो तें कळविण्यासाठीं पोलीस मागें राहतात, तेव्हां तो पाठलाग. मग नुसतें मागून जाणें काय? वेल्सच्या कार्डिफ नगरांतील इली वस्तींत ता. २२ मे २०२३ रोजीं पंधरा व सोळा वर्षांचे दोन मित्र विजेच्या दुचाकीवरून जातांना अपघातांत मरण पावले. पोलीस त्यांच्या मागें नव्हते असें प्रथम सांगण्यांत आलें. नंतर रस्त्यावरील कॅमेऱ्याच्या चित्रांत, अपघाताच्या थोडेंच आधीं पोलिसांची गाडी त्या दुचाकीच्या मागून जातांना दिसली. अपघाताच्या क्षणीं ती गाडी त्या रस्त्यावर नव्हती. तरी त्या रात्रीं वस्तींत दंगल उसळली, मोटारी जळल्या. व्याख्येच्या कोणत्या बाजूस हें बसतें याची चर्चा कायदेपंडितांनीं करावी. दुचाकीवरील मुलाला मात्र आरशांत पोलिसांची गाडी दिसली म्हणजे तो पाठलागच असतो, मग मागच्या अंमलदारानें वहींत कांहींहि लिहो. नियम करणाऱ्यांनीं ही मुलाची बाजू अजून पुरती लक्षांत घेतलेली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आमचे विद्यार्थी विचारतील कीं, पाठलाग सोडला तर मग पकडतात कसे? पाठलाग सोडणें म्हणजे तपास सोडणें नव्हे. गाडीचा क्रमांक टिपलेला असतो, आणि क्रमांकावरून मालक कळतो. चौकाचौकांतील कॅमेरे गाडी कोणीकडे गेली तें दाखवितात. मोठ्या शहरांत हेलिकॉप्टर उंचावरून पाहत राहतें, व खालचे पोलीस दिवे बंद करून लांब थांबतात. मागें कोणी नाहीं असें वाटलें कीं बहुतेक पोरांचा पाय आपोआप सैल होतो. अमेरिकेंतील कांहीं शहरीं तर पोलीसगाडीच्या पुढील भागांतून एक चिकट गोळी पुढच्या गाडीवर मारतात. तींत गाडीचा ठावठिकाणा कळविणारें यंत्र असतें. मग घाई नसते. गाडी एखाद्या गल्लींत उभी राहते, मुलें उतरून घरीं जातात, जेवतात, निजतात. सकाळीं दारावर थाप पडते, बाप दार उघडतो, आणि उंबऱ्यावर दोन अंमलदार उभे असतात.